कोविडनंतरची दमछाक: रुग्णालयातल्या डॉक्टरांसाठी नेमकं काय बदलायचं?

खाडीकाठ

कोविडची लाट ओसरून बरीच वर्षं झाली. बाळकुमच्या ग्लोबल हबमधलं कोविड रुग्णालय बंद झालं, वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रातलंही बंद झालं. वॉर्डातले डॉक्टर मात्र अजून त्याच दिवसांत अडकल्यासारखे दिसतात. राऊंडवर पेशंटच्या नावाऐवजी "सात नंबरचा डेंग्यू" म्हणणं, नातेवाइकाने तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की आवाज चढणं, चांगल्या निवासी डॉक्टरने मिळालेली पीजीची जागा सोडणं, अनुभवी फिजिशियनने आयसीयू सोडून फक्त ओपीडी ठेवणं. ठाणे, कळवा, ऐरोली, नेरूळ, कुठेही गेलं तरी चित्र हेच.

यावर रुग्णालयं काय करतात? १ जुलैला डॉक्टर दिनाचा सत्कार, एक योगशिबिर आणि लिफ्टशेजारी "बोलते व्हा" असं पोस्टर. यातल्या कशानेही कोणाची एका रात्रीची झोप वाढत नाही. माझं मत असं की हा मनाच्या कणखरपणाचा प्रश्न नाही, तो ड्यूटी शीटचा प्रश्न आहे.

शंभर-दीडशे खाटांच्या रुग्णालयाने पुढच्या महिन्यापासून काय करावं, ते आकड्यांसह लिहा. एक विनंती आहे. स्वतःच्या किंवा सहकाऱ्याच्या कहाण्या नकोत, रुग्णालयांची नावंही नकोत. आपल्याकडे चार तपशील दिले की माणूस लगेच ओळखू येतो.

नेरूळ_लोकल

चांगला धागा. वाचतोय.

मनोविकार_ओपीडी

आधी तीन गोष्टी वेगळ्या करूया, कारण तिघींचे उपाय वेगळे आहेत आणि सगळीकडे त्यांची सरमिसळ होते.

बर्नआउट हा शब्द १९७४ मध्ये फ्रॉइडेनबर्गर यांनी वापरला. क्रिस्टिना मास्लाक यांची २२ प्रश्नांची प्रश्नावली १९८१ची. ती तीन गोष्टी मोजते: भावनिक थकवा, पेशंटविषयी येणारी कोरडेपणाची भावना, आणि "आपल्या हातून काही धड होत नाही" ही जाणीव. वर खाडीकाठ यांनी लिहिलेला "सात नंबरचा डेंग्यू" हा यातला दुसरा भाग. जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी) बर्नआउटची नोंद आजार म्हणून नाही, कामाच्या ठिकाणची अवस्था म्हणून आहे. म्हणून त्याला गोळी नाही. तिथे कामच बदलावं लागतं.

डिप्रेशन मात्र आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. ओळखायची ढोबळ खूण म्हणजे सुट्टी. बर्नआउट असलेला माणूस आठ दिवस गावी गेला की चौथ्या-पाचव्या दिवशी हसतो, भूक लागते, भाचरांशी खेळतो. डिप्रेशन माणसाबरोबर गावीही जातं. पहाटे तीन-चारला जाग येते ती येतेच, आवडीचं गाणंही नकोसं होतं, वजन उतरतं किंवा वाढतं, आपण सगळ्यांवर ओझं आहोत असं वाटत राहतं. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची चाचणी पाच मिनिटांत होते. गेल्या दोन आठवड्यांचा विचार करायचा, प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा जास्त आली तर मनोविकारतज्ज्ञाला दाखवा. नवव्या, म्हणजे जीव नकोसा वाटतो का या प्रश्नाला शून्याहून वेगळं काहीही उत्तर असेल तर बेरीज कितीही येवो, त्याच दिवशी कोणाशी तरी बोला.

त्याआधी हिमोग्लोबिन, टीएसएच आणि बी-१२ तपासून घ्या. थायरॉइड मंदावलेला माणूस अगदी बर्नआउटसारखाच दिसतो. घोरणं आणि दिवसा झापड असेल तर झोपेतल्या श्वासरोधाचा विचार करा. कोविड होऊन गेल्यावर थोड्याशा श्रमानंतर दुसऱ्या दिवशी पार कोसळायला होत असेल तर तो प्रकार वेगळा. तिथे "जरा व्यायाम करा" हा सल्ला उलट बाधतो.

तिसरी गोष्ट म्हणजे नैतिक जखम. व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांवर उपचार करताना जोनाथन शे यांनी ही कल्पना मांडली. २०१८ मध्ये वेंडी डीन आणि सायमन टॅलबट यांनी ती डॉक्टरांना लावली. काय करायला हवं हे माहीत असतं पण करता येत नाही, आणि त्याचा सल राहतो. एप्रिल २०२१ आठवा. एक व्हेंटिलेटर आणि तीन पेशंट, रेमडेसिविरसाठी हातात चिठ्ठी घेऊन उभा असलेला मुलगा, फोनच्या पडद्यावरून घेतलेला शेवटचा निरोप. ही जखम झोपेने भरत नाही. तिच्याबद्दल बोलायला जागा लागते, आणि "त्या दिवशी निर्णय तुझ्या एकट्याचा नव्हता" हे वरिष्ठांनी तोंडाने म्हणावं लागतं.

येऊरचा_वारा

सगळं मान्य. तरी एक शंका विचारतोच. छत्तीस तासांच्या ड्यूट्या आधीच्या पिढ्यांनीही केल्या. तेव्हा हा शब्द कोणी ऐकला नव्हता. मग आताच एवढं काय झालं?

ड्यूटीशीट

@येऊरचा_वारा, प्रश्न रास्त आहे. तेव्हाही नुकसान होत होतं, मोजलं जात नव्हतं. २००४ मध्ये अमेरिकेत आयसीयूतल्या इंटर्नवर अभ्यास झाला. २४ तासांहून लांब पाळ्या असलेल्या जुन्या वेळापत्रकात गंभीर चुका ३६ टक्के जास्त निघाल्या. ते इंटर्न काही नाजूक नव्हते, मेंदू सगळ्यांचा सारखाच असतो.

आता कोविडनंतर काय झालं ते. नीट-पीजी, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा, एप्रिल २०२१ मध्ये व्हायची होती, ती ११ सप्टेंबरला झाली. त्यानंतर आर्थिक दुर्बल घटकांच्या कोट्याचा खटला, आणि प्रवेशाचं समुपदेशन सुरू व्हायला १२ जानेवारी २०२२ उजाडला. म्हणजे तीन वर्षांच्या तीन तुकड्यांवर चालणारा वॉर्ड कित्येक महिने दोन तुकड्यांवर चालला. सर्वांत खालची तुकडीच नव्हती. रक्त काढणं, रिपोर्ट आणणं, फॉर्म भरणं ही तिची कामं दुसऱ्या वर्षाच्या मुलांवर आली, आणि तीही दोन लाटा पीपीई घालून काढल्यानंतर. याच काळात लांबलेल्या शस्त्रक्रिया परत येऊ लागल्या. म्हणजे माणसं कमी, थकलेली आणि कामाचा ढीग दुप्पट. विश्रांतीचा टप्पा असा आलाच नाही.

नियम तर जुनाच आहे. १९९२च्या केंद्रीय निवासी योजनेत लिहिलंय की सलग काम साधारणपणे १२ तासांहून जास्त नको, आठवड्याला ४८ तास. ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतीगटाने आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास सुचवले: एक २४ तासांची ड्यूटी, पाच दिवस दहा-दहा तास आणि एक सुट्टी.

या ७४ मध्ये एक खाच आहे, कागद-पेन घेऊन बघा. २४ तासांची ड्यूटी मंगळवारी सकाळी आठला सुरू झाली तर बुधवारी आठला संपते. बुधवार सुट्टी धरला तर ती सुट्टी नव्हे, ती झोप. गुरुवार ते सोमवार दहा-दहा तास, की पुन्हा मंगळवार. आठवड्यात जागेपणी मिळालेला मोकळा दिवस शून्य. आणि सुट्टी रविवारी हवी म्हणालात तर बुधवारी दहा तास भरावे लागतात, म्हणजे सलग ३४. ड्यूटीनंतरची झोप आणि साप्ताहिक सुट्टी हे दोन रकाने वेगळे छापल्याशिवाय कोणतीही मर्यादा कागदावरच राहते.

सिस्टर_इनचार्ज

ड्यूटीशीट, तुमचा शेवटचा परिच्छेद प्रत्येक एचओडीच्या (विभागप्रमुखाच्या) टेबलाच्या काचेखाली ठेवायला हवा.

पाचपाखाडी_२

मग माणसं किती लागतात, तेही सांगा ना. दरवेळी व्यवस्थापन म्हणतं "पोस्ट नाहीत", आणि पुढे कोणाला आकडा देता येत नाही.

ड्यूटीशीट

सांगतो. एका जागी, समजा मेडिसिन आयसीयूत, अहोरात्र एक डॉक्टर हवा. आठवड्याचे तास १६८. रोज दोन वेळा अर्धा तास हँडओव्हर, म्हणजे पेशंट पुढच्या पाळीकडे सोपवणं, त्याचे ७. एकूण १७५. माणशी ४८ तासांनी भागा, ३.६५ येतात. वर्षातून साधारण चार आठवडे माणूस रजेवर असतो, म्हणून ५२ भागिले ४८ ने गुणा. ३.९५. म्हणजे चार माणसं.

चौघांचं चक्र सोपं आहे: दिवस, रात्र, झोप, सुट्टी. १२ तासांच्या दोन पाळ्या, मग दोन दिवस मोकळे, त्यातला एक खराखुरा. हँडओव्हर धरून आठवड्याला सरासरी ४४ तासांच्या आत बसतं.

मात्र चार हा आकडा वर्षाच्या सरासरीचा आहे. चौघांची रजा मिळून १६ आठवडे होतात, आणि त्या आठवड्यांत उरलेल्या तिघांवर प्रत्येकी ५८ तास येतात. जानेवारीत सुंदर दिसणारं वेळापत्रक इथेच मे महिन्यात कोसळतं. त्यासाठी दोन जागांमागे एक राखीव माणूस ठेवा, म्हणजे दोन जागांना नऊ. राखीव माणसाला "कोणी आजारी नाही ना, मग ओपीडीला बसा" म्हणायचं नाही, ही अट लेखी हवी.

घोडबंदर

निवासी डॉक्टरांबद्दल सगळे बोलतात. ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या वीस-तीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये रात्र कोण काढतं? आरएमओ, म्हणजे पगारी ड्यूटी डॉक्टर. बहुतेक बीएएमएस किंवा बीएचएमएस. २४ तासांची ड्यूटी, महिन्याला दहा-पंधरा, आणि पगार पुरत नाही म्हणून मधल्या दिवशी दुसऱ्या नर्सिंग होममध्ये आणखी एक. त्यांना मार्डसारखी (निवासी डॉक्टरांची) संघटना नाही, कॉलेजची समिती नाही, नेमणुकीचं पत्रही पुष्कळदा नसतं. एका मालकाच्या कागदावर तास नियमात दिसतात. दोन्हीकडचे मिळवले की ७२ तासांत ४८ तास काम निघतं.

यावर एक उपाय करण्यासारखा आहे. ड्यूटी देताना "गेल्या २४ तासांत दुसरीकडे ड्यूटी केली का?" हा प्रश्न वहीत लिहून घ्यायचा, आणि हो उत्तर आलं तर त्या रात्री दुसरा माणूस बोलवायचा. त्याचे पैसे कापायचे नाहीत. पैसे कापले की उत्तर खोटं येणार, आणि तो दोष त्याचा नसेल.

नेरूळ_लोकल

+१. आरएमओ हा शब्द या चर्चेत पहिल्यांदाच वाचला.

भूल_आणि_भान

रात्रीच्या ड्यूटीबद्दल लिहितो.

सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाच्या हालचाली रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारख्या मंदावतात आणि २४ तासांनी सुमारे ०.१० टक्के असल्यासारख्या, असं १९९७च्या एका प्रयोगात दिसलं. आपल्याकडे गाडी चालवायला कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. ड्यूटी संपवून सकाळी घोडबंदर रोडने किंवा पाम बीचने स्कूटर चालवत निघालेला डॉक्टर या मोजपट्टीवर मर्यादेच्या तिप्पट पुढे असतो. इंटर्नवरच्या २००५च्या अभ्यासात लांब पाळीनंतर गाडीला अपघात होण्याची शक्यता दुपटीहून जास्त आढळली. म्हणून रात्रपाळीनंतर रुग्णालयाने रिक्षाचे पैसे द्यावेत, किंवा ड्यूटी रूममध्ये दोन तास झोपून जायची मुभा द्यावी. हिशेबात हा खर्च फार किरकोळ आहे.

झोप घ्यायची तर २० मिनिटं किंवा ९० मिनिटं. पाऊण तासाला गजर लावला की माणूस गाढ झोपेतून उठतो आणि पुढची पंधरा ते तीस मिनिटं डोकं चालत नाही. डुलकीतून उठल्या उठल्या इंट्युबेशनचा (श्वासनलिकेत नळी घालण्याचा) किंवा इन्सुलिनच्या डोसचा निर्णय एकट्याने घेऊ नये. सिस्टरला डोस मोठ्याने वाचून दाखवावा. कॉफीचा निम्मा अंमल पाच तासांनीही रक्तात असतो, म्हणून आठला सुटायचं असेल तर पहाटे दोननंतर कॉफी नको. पाळ्या पुढे सरकणाऱ्या हव्यात: सकाळ, मग दुपार, मग रात्र. उलट्या क्रमाने शरीर जुळवून घेत नाही. सलग रात्री तीनच्या वर नकोत.

आणि एक गंभीर गोष्ट. झोप येत नाही म्हणून स्वतःच अल्प्राझोलाम किंवा झोल्पिडेम लिहून घेणं. दोन ते चार आठवड्यांच्या पुढे ही औषधं सवय लावतात, आणि डॉक्टरला कोणी अडवत नाही. ओटीतल्या गुंगीच्या औषधांबाबत नियम कडक हवा: फोडलेल्या प्रत्येक अँप्यूलची नोंद दोघांच्या सहीने, उरलेलं औषध दोघांसमोर टाकून द्यायचं, रिकामी अँप्यूल परत करायची. यात अविश्वास नाही. दमलेल्या माणसाला त्याच्या सर्वांत वाईट रात्रीपासून वाचवायचा हा मार्ग आहे.

सिस्टर_इनचार्ज

भूल_आणि_भान यांनी ड्यूटी रूमचा उल्लेख केला, म्हणून ती खोली एकदा डोळ्यांसमोर आणा. पहाटेचे साडेचार. आठ बाय दहाची खोली, एकच लोखंडी खाट, तिच्यावर आडवे झोपलेले दोघे. चादर परवाची. ट्यूबलाइट चालूच, कारण बटण बाहेरच्या पॅसेजमध्ये आहे. कडी लागत नाही म्हणून दाराला सलाइनचा खोका लावलेला. पंख्याखाली डास. खिडकीत कोणाचा तरी डबा, चपात्या कडक झालेल्या, कारण कँटीन रात्री दहाला बंद होतं आणि डबा उघडायला एक वाजला. उशाशी इंटरकॉम, तो दर वीस मिनिटांनी वाजतो. त्यातले निम्मे कॉल "डॉक्टर, पॅरासिटामॉल देऊ का?" असे.

हे सगळं बदलायला फार पैसे लागत नाहीत. रात्री ड्यूटीवर जितकी माणसं तितक्या खाटा. स्त्रियांसाठी वेगळी खोली, आतून कडी, लागून संडास-बाथरूम. बटण आत. चादर रोज. जाड पडदे. खिडकीला जाळी, हे ठाण्यात खाडीकाठी राहणाऱ्यांना सांगायला नको. छोटा फ्रिज, मायक्रोवेव्ह आणि रात्री बारा ते चार गरम जेवण, मग ती साधी खिचडी असली तरी चालेल.

कॉलचं म्हणाल तर ते आम्ही सिस्टर निम्म्यावर आणू शकतो. संध्याकाळच्या राऊंडला डॉक्टरांनी "लागल्यास" द्यायच्या ऑर्डर लिहून ठेवाव्यात: ताप इतका चढला तर हे, उलटी झाली तर ते, शुगर इतकी खाली गेली तर हे करून मगच कॉल. मग मी रात्री न झोपलेल्या मुलीला पॅरासिटामॉलसाठी उठवणार नाही. उठवीन तेव्हा ती समजून जाईल की आता पळायला हवं.

येऊरचा_वारा

सलाइनचा खोका वाचून थांबलो. वरचा माझा प्रश्न मागे घेत नाही, पण त्याचं उत्तर मिळालं.

ड्यूटीशीट

सिस्टरांच्या मुद्द्याला हँडओव्हर जोडतो. "सगळे स्टेबल, बारा नंबर बघ जरा" म्हणून निघणं हे सुटलेल्या डॉक्टरचा फोन घरी वाजत राहण्याचं मुख्य कारण आहे. आय-पास नावाची पद्धत आहे, पाच पायऱ्यांची. पेशंट किती गंभीर, थोडक्यात काय झालं, आज रात्री करायची कामं, काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर काय करायचं, आणि शेवटी घेणाऱ्याने ते परत बोलून दाखवायचं. २०१४च्या अभ्यासात यामुळे चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या. पाचवी पायरीच सगळे गाळतात, आणि चूक पकडली जाते ती तिथेच. दर पेशंटला एक मिनिट धरा, वीस पेशंटचे वीस. हा वेळ ड्यूटीत मोजलेला हवा, म्हणून मी वर सात तास धरले.

कागदपत्रे

डॉक्टरांना पेशंट थकवत नाहीत, कागद थकवतात. जन-आरोग्य योजनेचा प्री-ऑथ (उपचारांआधीची मंजुरी), फोटो, पोर्टलवर रिपोर्ट चढवणं, क्वेरीला उत्तर. टीपीएची (विम्याचे दावे हाताळणाऱ्या कंपनीची) क्वेरी: "दाखल करण्याची गरज स्पष्ट करा". एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या केसची) नोंद. मृत्यू झाला तर नमुना ४ (मृत्यूच्या कारणाचा दाखला), त्यात कारणांचा क्रम चुकला की परत. डिस्चार्ज समरी तर हाताने लिहून पुन्हा टाइप. ज्या कामाला एमबीबीएसची पदवी लागत नाही ते पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरकडे आपोआप जाऊन पडतं.

तीस खाटांमागे एक वॉर्ड लिपिक ठेवा, दुपारी बारा ते आठ. क्वेरीचा कच्चा मजकूर तो तयार करेल, डॉक्टर वाचून सही करेल. डेंग्यू, न्यूमोनिया, सिझेरियन अशा नेहमीच्या दहा निदानांसाठी समरीचे साचे आधीच बनवून ठेवा. मृत्यूचं कारण मात्र डॉक्टरनेच लिहायचं, ते लिपिकावर ढकलता येत नाही.

पाचपाखाडी_२

आता एक अवघड प्रश्न. उपचार घ्यायचे ठरवले तरी भीती राहते. कॉलेजला कळेल, नोंदणीवर येईल, लग्नाच्या बोलणीत निघेल. या भीतीपोटी माणसं गुपचूप सहन करतात. याचं काय?

मनोविकार_ओपीडी

पाचपाखाडी, हाच खरा अडथळा आहे, म्हणून नीट लिहितो.

मानसिक आरोग्य कायदा २०१७चा. त्यानुसार उपचारांची माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक आहे. त्याच कायद्यात असंही स्पष्ट म्हटलंय की मानसिक आजार आहे एवढ्यावरून कोणी "वेडा" ठरत नाही, तसं फक्त न्यायालय ठरवू शकतं. विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं, हेही त्यात आहे.

व्यवहारात काय करावं? आपल्याच रुग्णालयाच्या ओपीडीत केसपेपर काढू नका. ठाण्यात काम करत असाल तर वाशी-नेरूळला जा, तिकडे असाल तर ठाण्याला या. ट्रान्स-हार्बर लोकलने फार तर पाऊण तासाचा प्रश्न. कॉलेजचा समुपदेशक हा परीक्षा घेणाऱ्या किंवा गुण देणाऱ्या विभागातला असता कामा नये. तसा असेल तर कोणी जाणार नाही, आणि ते बरोबरच आहे. टेलि-मानसचा क्रमांक १४४१६, चोवीस तास, मराठीत, फुकट. नाव सांगावं लागत नाही.

उपचार सुरू झाले तर दोन गोष्टी आधीच माहीत असाव्यात. एसिटालोप्रामसारखी डिप्रेशनवरची औषधं परिणाम दाखवायला दोन ते चार आठवडे घेतात, आणि पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा अस्वस्थता वाढू शकते. पेशंट स्वतः डॉक्टर असेल तर नेमका तिथेच गोळी सोडतो, कारण "मला कळतं". बरं वाटल्यावरही किमान सहा महिने चालू ठेवायची. आणि डोस स्वतः ठरवायचा नाही.

सहकाऱ्याबद्दल काळजी वाटली तर सरळ विचारा: "जीव नकोसा वाटतो का? जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही, उलट माणसाला सुटल्यासारखं वाटतं. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, ड्यूटी त्याच क्षणी दुसऱ्याला द्या आणि सोबत घेऊन जा. "उद्या बोलू" नको.

नेरूळ_लोकल

पेशंट गेल्यानंतरच्या तासाबद्दल कोणी लिहा. टेबलावर मूल गेलं आणि पाच मिनिटांनी पुढचा पेशंट आत, हे रोज होतं.

भूल_आणि_भान

मोठा मुद्दा. कोविडनंतर काही ठिकाणी सगळ्यांना एकत्र बसवून एकाच बैठकीत "मन मोकळं करा" असं केलं जातं. सक्तीच्या एकाच बैठकीने पुढचा मानसिक आघात टळत नाही, हे अनेक चाचण्या एकत्र करून पाहिलेलं आहे. काहींना त्याने त्रासच झाला. सक्ती नको.

यातून करता येतं ते एवढं: त्या डॉक्टरला पुढच्या केसमधून तीस मिनिटं बाजूला घ्या, त्याच्या जागी कोण उभं राहील ते आधीच ठरलेलं असू द्या. वरिष्ठाने स्वतः येऊन पाणी द्यावं, "जेवलास का" विचारावं. नातेवाइकांना सांगायला त्याला एकट्याला पाठवू नये. दोघांनी जावं, आणि बोलणारा वरिष्ठ असावा. चूक कुठे झाली ही चर्चा त्या दिवशी नाही. ती मॉर्टॅलिटी मीटिंगमध्ये (मृत्यूंचा आढावा घेणाऱ्या बैठकीत) आठवड्याने, नाव न घेता. तीन दिवसांनी आणि पुन्हा तीन आठवड्यांनी एकाने फोन करायचा, "झोप लागते का?" एवढंच विचारायला.

घोडबंदर

नातेवाइकांचा विषय निघालाच. मारहाणीची भीती हा थकव्याचा अर्धा भाग आहे. महाराष्ट्राचा कायदा २०१०चा, गुन्हा अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. पण तक्रार द्यायला पोस्ट-ड्यूटी निवासी डॉक्टरलाच पोलीस ठाण्यात पाच तास बसावं लागतं, म्हणून तो जात नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यात रुग्णालयातच निवासी डॉक्टरवर बलात्कार आणि तिचा खून झाल्यानंतर केंद्राच्या रुग्णालयांना आदेश निघाला की सहा तासांच्या आत संस्थाप्रमुखाने तक्रार नोंदवायची. खासगी आणि पालिकेच्या रुग्णालयांनीही हेच उचलावं. तक्रारदार संस्था असेल. मार खाल्लेला मुलगा घरी झोपायला जाईल.

सिस्टर_इनचार्ज

आणि एका पेशंटमागे एकच पास. दारावर रात्री दोन माणसं. बाकीचं आम्ही बोलून सांभाळतो.

पाचपाखाडी_२

जरा अवांतर, पण आपल्याकडचंच. जुलै ते ऑक्टोबर डेंग्यू, मलेरिया, लेप्टोने वॉर्डात जमिनीवर गाद्या पडतात, आणि वेळापत्रक मात्र फेब्रुवारीचंच असतं. त्यात रुळांवर पाणी आलं की डोंबिवली-कल्याणचा डॉक्टर कळव्याला पोचत नाही, आणि रात्रभर जागलेला माणूस सुटत नाही.

ड्यूटीशीट

अवांतर मुळीच नाही. पावसाळ्याचं शीट वेगळंच करायचं. राखीव माणूस जुलै ते ऑक्टोबर दोन जागांमागे नव्हे, एका जागेमागे एक. प्रत्येक पाळीत निदान एक जण रेल्वेशिवाय येऊ शकणारा हवा, चालत किंवा टीएमटीच्या (ठाणे पालिकेच्या) बसने. हवामान खात्याचा रेड अलर्ट आला की पुढच्या पाळीला आदल्या संध्याकाळीच बोलावून खोली द्यायची. आणि सुटू न शकलेल्याला सकाळी आठनंतर नवे पेशंट द्यायचे नाहीत, त्याने झोपायचं. रजा नोव्हेंबर ते मे या काळात वाटून द्यायची, आणि वर्षाच्या सुरुवातीलाच.

खाडीकाठ

सगळे प्रतिसाद उतरवून घेतले. आता मूळ प्रश्नाकडे. व्यवस्थापन एका वेळी एकच गोष्ट मान्य करतं असं धरून चला. पहिली कोणती मागायची? मला वाटतं राखीव माणूस.

सिस्टर_इनचार्ज

मी ड्यूटी रूम म्हणेन. आठवड्यात होते, आणि झालेली डोळ्यांना दिसते. राखीव माणसाला मंजुरी यायला वर्ष जाईल.

मनोविकार_ओपीडी

माझं मत ड्यूटीनंतरची सुट्टी. जखम, आजार, थकवा, तिन्हींत झोप आधी लागते. झोपेशिवाय औषधही नीट काम करत नाही.

ड्यूटीशीट

खाडीकाठ, राखीव माणूस मागायचा तर आधी आकडा हातात हवा, नाहीतर "बघू" म्हणतील. आठ आठवडे एक वही ठेवा. तारीख, छापील सुटायची वेळ, प्रत्यक्ष सुटायची वेळ, उशिराचं कारण एका शब्दात: कागद, हँडओव्हर, बदली आली नाही, गंभीर पेशंट. नाव लिहायचं नाही, फक्त जागा. वही एचओडीच्या केबिनमध्ये नको, वॉर्डात सिस्टरांच्या टेबलावर हवी. वेळ तिथेच खरी लिहिली जाते.

सिस्टर_इनचार्ज

ठेवते. दोरीने पेन बांधून ठेवा तेवढं, नाहीतर पहिल्याच राऊंडला जातं.